पाव आटा

बँकेतल्या बाईंनी विचारलं, कर्ज कशासाठी?
म्हटलं, घर वर घ्यायचंय.
म्हणजे वरचा मजला?
नाही. आहे तेच. चार फूट वर.
त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं.

शामरावनगरात आता कुणी असं पाहत नाही.
इथं माणसं फुटांत बोलतात.
आयर्विनला किती झालं? अडतीस. एकोणचाळीस.
कितीला मगदुमांची फरशी,
कितीला माझ्या गिरणीचा पट्टा,
हे आमचे पाढे. पोरांनाही पाठ.

दोनदा धुतलं होतं हे घर.
फावड्यानं गाळ, मग खराटा, मग ब्लिचिंग, मग चुना.
गिरणीच्या दगडांत अडकलेले गहू
आठव्या दिवशी उगवले, हिरवेगार.
ते उपटताना मला हसू आलं, आणि थांबेचना.
धोंडिराम मिस्त्री म्हणाला, वैनी, बसा जरा.

कपाटामागची बुरशी मात्र गेली नाही.
खरवडली, प्रायमर मारला, वर ऑइलपेंट, त्यावर कॅलेंडर.
जून लागला की कॅलेंडरच्या कडेनं डोकवायची
काळ्या तिळासारखी,
संक्रांत नसताना.

मग सतबीर आला, हरयाणाचा,
ट्रकभर जॅक आणि गळ्यात एक शिट्टी.
भिंतीखालच्या विटा काढत काढत
एकशे सोळा जॅक बसवले.
सामान हलवू नका म्हणाला,
फळीवरचे डबेसुद्धा असू देत.
शिट्टी. चौथाई चूडी!
आणि धोंडिराम गावच्या पोरांना ओरडून सांगायचा:
पाव आटा! फक्त पाव आटा रे!

वीस वर्षं मी लोकांचं पीठ जोखलं,
पाव, अर्धा, पावणेदोन,
आणि आता हा माणूस माझं घर
पावापावानं वर चढवत होता.
कुणी जास्त फिरवला तर?
भिंत भांडत नाही, सतबीर हिंदीत म्हणाला,
सरळ फाटते.

देवळीत मी पाण्याचा पेला ठेवला होता.
रोज सकाळी काठोकाठ भरायची.
बावीस दिवसांत एकदाच सांडला,
तोही मांजरानं.

चार फूट.
उंबऱ्याला आता सात पायऱ्या.
रशिदाभाभी डबा घेऊन खालीच थांबतात, गुडघा धरून.
मीच उतरते, मीच चढते.
दळण दोन रुपयांनी वाढवणार होते,
त्यांच्यासमोर तोंडच उघडत नाही.

आणि पद्मिनी मगदूम.
आमच्या मधल्या भिंतीवरून तिची वाटी यायची,
विरजण, कढीपत्ता, कधी नुसतीच वाटी.
आता माझ्या खिडकीतून तिच्या पत्र्यावरचे खिळे दिसतात,
आणि माझ्या अंगणातला पाऊस
तिच्या दारात जातो.
ती काही बोलली नाही.
दारात वाळूची दोन पोती तेवढी टाकली.

मी पन्हळ वळवली.
गटारापर्यंत पाइप टाकला, अठराशे रुपये.
तरी थोडं जातंच.
उताराला कोण समजावणार.

ऑगस्टात आयर्विन एक्केचाळीस.
रात्री दीडला दार वाजलं.
आदगोंडा मगदूम, डोक्यावर शिलाई मशीन,
सातव्या पायरीवर धापा टाकत.
मागं पद्मिनी, हातात पोथ्यांची पेटी
आणि गॅसची शेगडी.
"एवढं वर असू दे."
पहाटेपर्यंत माझ्या गिरणीत
उभं राहायला जागा नव्हती.

पाणी त्रेचाळीसला थांबलं. परतलं.
त्यांनी सगळं खाली नेलं, मशीन सोडून.
"दरवर्षी कोण चढवणार," आदगोंडा म्हणाले.
तेव्हापासून पद्मिनी दुपारी वर येते.
पट्टा फिरतो, तिचं चाक फिरतं,
ब्लाऊजच्या बाह्यांवर पीठ बसतं
आणि ती ते झटकून पुढची शिवण घालते.

काल दोरा ओवता ओवता थांबली.
कॅलेंडरकडं बोट करून म्हणाली,
अगं,
ही पण वर आली की.